तिजेच्या टोपलीतल्या मुंग्या

संपादकांचा फोन आला, "ताई, कृषी सहायकाच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा. अळ्या, किडे, शेतकऱ्यांचे प्रश्न. दिवाळीचा अंक आहे, हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. लिहायला बसले तर हलकंफुलकं काही सुचेचना. नुसता राग येत होता. तेव्हा जे येतं तेच लिहिते. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या, माझं काही अडत नाही.

कृषी सहायक म्हणजे शेतीखात्यातला सगळ्यात खालचा माणूस. वरचे साहेब जीपमधून उतरतात, बांधावर फोटो काढतात आणि जातात. चिखलात पाय घालतो तो कृषी सहायक. माझ्याकडे महागाव तालुक्यातली काही गावं आणि तांडे होते. सारी नोकरी स्कुटीवर गेली. लोक कधी म्याडम म्हणायचे, कधी ताई. आणि शेंडा खाल्लेली पऱ्हाटी हातात घेऊन एखादा रागावलेला आला की "अवं बाई, हे पाय आधी!" असंही म्हणायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. आमच्याकडे कपाशी कोणी म्हणत नाही.

आमचं अर्धं काम किड्यांचं. आणि किड्यांचं सगळं शास्त्र एका प्रश्नात मावतं: हा खातो काय? पानाचा रस पितो, की रस पिणाऱ्याला खातो? मावा आणि तुडतुडे पऱ्हाटीचा रस पितात, ते शत्रू. ढालकिडा मावा खातो, तो मित्र. तोच तो लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, लेकरं हातावर घेऊन खेळतात तो. मुंग्या बोंडअळीची अंडी उचलून नेतात. मधमाशी नसली तर सूर्यफुलाचे दाणे भरत नाहीत. वाळवीसुद्धा वावरातला वाळका काडीकचरा खाऊन त्याची माती करते. उभ्या पिकाला तोंड लावलं तरच ती वैरी. हे मी शेतीशाळेत सांगायची. शेतीशाळा म्हणजे बांधावर सतरंजी टाकायची, बायामाणसं बसवायची, झाडं उलटीपालटी करून किडे शोधायचे आणि कागदावर त्यांची चित्रं काढायची. बायांना यात भारी मजा यायची. माणसं मात्र शेवटी एकच विचारायची, "ते समदं ठीक हाय म्याडम, पण मारू कायनं?"

एक काका एकदा आगपेटीत किडा घेऊन आले. तोंड असं केलेलं की जणू आगपेटीत विंचू आहे. उघडून बघते तर ढालकिड्याचं पिल्लू. दिसायला भयंकरच असतं ते. काळं, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचं, मगरीसारखं चालतं. मी म्हटलं, "काका, हा तुमचा मित्र आहे. हा दिवसभर मावाच खातो."

काकांनी आगपेटी हळूच बंद केली. मग म्हणाले, "मंग म्या दोन फवारे कोनावर मारले?"

"यावरच."

"अन् दुकानदारानं सांगतलं नाही ते?"

दुकानदार कशाला सांगेल? ढालकिडा फुकट काम करतो. फवारल्यावर मावा चार दिवसांत परत येतो, कारण त्याची वीण झपाट्याची. ढालकिडा तेवढ्या लवकर परत येत नाही. मग दुसरा फवारा, तिसरा फवारा. एक बाटली दुसऱ्या बाटलीला बोलावते, आणि हे सगळं शेतकऱ्याला 'औषध' म्हणून विकलं जातं. औषध! ज्यावर कवटीचं चित्र छापतात त्याला औषध म्हणायची रीत कोणी पाडली त्याला एकदा भेटायचं आहे मला.

फवारणाऱ्या मजुरांचं तर बोलूच नका. पऱ्हाटी छातीएवढी होते, कधी डोक्यावर जाते. पाठीवर पंप घेऊन माणूस तिच्यातून चालतो आणि सगळा फवारा त्याच्याच तोंडावर. त्यासाठी सरकारनं किट काढली. प्लास्टिकचा झगा, चष्मा, मास्क, मोजे. आमच्या उन्हात तो झगा अंगावर घातला की माणूस आतल्या आत शिजतो. एकदा साहेब आले, एका मजुराला ती किट घालायला लावली, फोटो काढला, किट उतरवून जीपमध्ये ठेवली आणि पुढच्या गावाला निघाले. तो मजूर मला म्हणाला, "ताई, गेले वाटते. आता फवारू का?" मला हसावं की रडावं कळेना.

पण माझा खरा राग यातल्या कशाचाही नाही. तो आहे सोनलचं जे झालं त्याचा.

माझ्या गावांमध्ये एक बंजाऱ्यांचा तांडा होता. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. आता सगळे पऱ्हाटी-सोयाबीनवाले. घरात गोरबोली बोलतात, माझ्याशी वऱ्हाडी. श्रावणात त्यांचा तिजेचा सण असतो. लग्न न झालेल्या पोरी नाईकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, विचारून तीज बसवतात. वारुळाची माती आणायची, तिच्यात लेंडीखत कालवायचं, ते लहान लहान टोपल्यांत भरायचं आणि गहू पेरायचा. टोपल्या नाईकाच्या अंगणात खांबांवर उभारलेल्या माचीवर ठेवायच्या. रोज पाणी घालायचं, गाणी म्हणायची, माचीभोवती फेर धरायचा. शेवटच्या दिवशी ते कोवळे गहू उपटून बापाच्या, भावाच्या पागोट्यात खोवायचे. ज्या पोरीची तीज हिरवी आणि उंच, तिचं सगळं चांगलं होणार. जिची पिवळी पडली, तिची आई रात्रभर झोपत नाही.

तर माती वारुळाची. वारुळाच्या मातीत काय असणार? मुंग्या, वाळवी. लखू राठोड नावाच्या शेतकऱ्याच्या पोरीची, सोनलची, टोपली मुंग्यांनी पोखरली. पेरलेला गहू एकेक करून माचीच्या खांबावरून खाली उतरवत होत्या. बाकीच्या टोपल्यांत कोंब वर आले आणि हिच्या टोपलीत मधेमधे टक्कल. सोनल अकरावीला होती, शिकणारी पोरगी, पण त्या टकलावरून रडली. लखूभाऊ म्हणजे शेतीशाळेत सगळ्यात पुढे बसणारा, चित्रं काढताना जीभ बाहेर काढणारा माणूस. एकुलती पोरगी. त्याला तिचं रडणं बघवलं नाही. तो बाजाराला गेला, तिथल्या एका कृषी केंद्रात शिरला आणि म्हणाला, मुंग्यांचं काही द्या, पोरीच्या तिजेसाठी पाहिजे. दुकानदारानं आतून मूठभर दाणेदार विष आणलं, पेपरात बांधलं आणि दिलं.

ही पुडी नीट ध्यानात ठेवा. डबा नाही, लेबल नाही, कवटी नाही. चण्या-फुटाण्यासारखी पुडी.

लखूभाऊनं गुपचूप ते दाणे फक्त सोनलच्या टोपलीत टाकले. मुंग्या गेल्या. लखूभाऊ खूश. सोनलनं पाणी घालताना ते राखाडी दाणे पाहिले, बापानं खत टाकलंय असं तिला वाटलं. बोटांनी एकेक दाणा मातीत दाबत बसली, पाणी घालत बसली. असं रोज चाललं. ढमोळीच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी पोरी मिळून चुरमा खातात त्या दिवशी, तिनं टोपलीत चांगलं खोलवर हात घालून माती मोकळी केली, हात ओढणीला पुसले आणि चुरमा खाल्ला.

मी त्या दिवशी तांड्यातच होते. शेतीशाळा आटोपून निघत होते तोच नाईकाच्या अंगणातून आरडाओरड झाली. धावले. सोनल माचीपाशी आडवी पडली होती. तोंडातून लाळेची धार, अंगातून घामाच्या धारा, मांड्या थरथर उडत होत्या. तिची आई कमलाबाई तिला हलवत होती, आणि पोरगी "याडी, याडी" करत होती. याडी म्हणजे आई. मी तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. फवारणीत पडलेली माणसं मी पाहिली होती. मला दुसरं काही बघायची गरज उरली नाही.

"हिनं काय खाल्लं? फवारलं कोणी?"

"फवारा कायले मारन कोनी तिजीत?" कमलाबाई ओरडली. आणि लखूभाऊ मागे भिंतीला टेकून हळूच खाली बसला.

"म्या मुंग्यांचं औषध टाकलं होतं, म्याडम," तो म्हणाला. "दुकानदार म्हने काहीच होत नाही."

नाईकाच्या गाडीत घालून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथली डॉक्टर तरुण बाई होती, पण हात घाईत नव्हते. सुई लावली, एक इंजेक्शन चालू केलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "कीटकनाशक आहे हे दिसतंयच. पण दाणेदार विषांच्या दोन जाती असतात. एकीला दुसरं इंजेक्शनही लागतं, आणि लवकर लागतं. दुसरीला ते द्यावं की नाही हा प्रश्न असतो. मला नाव पाहिजे. डबा, पिशवी, लेबल, काहीही आणा."

उरलेली पुडी लखूभाऊनं गोठ्यातून आणवली. वासावरून मला शंका आली होती, ती मी बोलून दाखवली. डॉक्टर म्हणाली, "ताई, शंका नको. नाव." बरोबरच होतं तिचं. पोरीचा जीव वासावर कसा सोडायचा? मी पुडी प्लास्टिकच्या थैलीत घातली, लखूभाऊला स्कुटीवर मागे बसवलं आणि बाजार गाठला.

दुकानदार जेवायला बसला होता. गल्ल्याच्या टेबलावर डबा उघडा, पोळी, वांग्याची भाजी, लोणच्याची फोड. मागे भिंतीवर टपोऱ्या बोंडांचं आणि हसऱ्या शेतकऱ्याचं पोस्टर. मला बघून म्हणाला, "या ताई, या! पानी घ्या."

"पाणी नको. हे काय आहे, नाव सांगा. पोरगी दवाखान्यात आहे."

त्यानं थैलीकडे बघितलं, लखूभाऊकडे बघितलं, आणि घास घेतला. "हे आपल्या दुकानातलं नोहे."

"शेठ, तुमीच त देल्लं," लखूभाऊ म्हणाला. "मुंग्याईसाठी. म्या पोरीच्या तिजीचं सांगतलं होतं."

"दुसऱ्या दुकानातून घेतलं असन तू. याद कर बरं."

"तुमच्या हातातून घेतलं, शेठ."

"लखू, कायले फालतूचा आळ घेतं बे माह्यावर? अशी पुडी कोनीबी बांधते."

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, तक्रार करत नाही, तुमचं नाव घेत नाही, फक्त या विषाचं नाव सांगा, डॉक्टर खोळंबली आहे. तर हा माणूस पोळीचा तुकडा मोडत म्हणतो, "मले माहीतच नाही ताई, त कसं सांगू? साधंच काही दिसून राह्यलं. खत असन."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "साधंच आहे ना? मग खा," आणि थैलीतली पुडी त्याच्या डब्यावर उलटी केली. वांग्याच्या भाजीवर दाणे पडले.

तो खुर्चीसकट मागे आदळला. "ओ ताई! बह्याड झाल्या काय! जहर हाय ते! हात धुवा पयले, साबन घ्या, तिकडं नळ हाय, हात धुवा!" आणि त्याच ओरडण्यात त्याच्या तोंडून नाव निघालं. नुसतं नाव नाही, वर हेही निघालं की जुना माल आहे, विकायची बंदी आहे, कोणाला सांगू नका. ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कोणीतरी तेच मागायला जाईल, आणि त्याला ते मिळेलसुद्धा.

मी तिथूनच डॉक्टरला फोन लावला. ती "ठीक" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लखूभाऊ तसाच उभा होता. मोठ्या आवाजात बोलणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "शेठ, म्याडमले हात धुवा म्हनलं. मले पुडी देल्ली तवा काहून नाही म्हनलं?"

दुकानदार डबा झाकायला निघाला होता, मग त्याला काय झाकतोय ते आठवलं आणि त्यानं हात मागे घेतला.

दुसरं इंजेक्शन वेळेत गेलं. पुढे यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नळ्या लागल्या, कमलाबाईनं तिथल्या व्हरांड्यात चूल सोडून सगळा संसार मांडला, आणि पोरगी वाचली. वाचली असं मी म्हणते. बोटं थरथरायची राहिली ती राहिलीच. अकरावीची परीक्षा बुडाली. पेन धरलं की अक्षर पळायचं. सुईत दोरा ओवणं, कपड्यांवर काचकाम करणं, जे त्यांच्या पोरी डोळे मिटून करतात, ते सगळं सुटलं.

मी तक्रार केली. दुकानदाराला कबूल केलेलं सगळं मी बाहेर पडताच मोडलं, त्याचं मला आजही काही वाटत नाही. चौकशीला साहेब आले. नाईकाच्या अंगणात खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, आणि सोनलला समोर उभं करून पहिला प्रश्न विचारला, "बेटा, जेवणाआधी हात काहून नाही धुतले?" दुसरा प्रश्न लखूभाऊला, "लेबल वाचलं होतं का?"

लेबल! अहो, पेपराच्या पुडीवर कसलं लेबल? त्या पुडीवर दहावीच्या निकालाची बातमी होती. ती वाचायची होती का त्यानं? मी हे बोलले. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." हो, बोलत होते. पोरगी समोर हात थरथरवत उभी होती आणि हा माणूस बशीत चहा गार करत होता. भावनेच्या भरात नको बोलू तर काय गाणं म्हणू?

दुकान काही दिवस बंद राहिलं. मग उघडलं. पाटी नवीन, नाव त्याच्या साळ्याचं, आणि खुर्चीत तोच. पुढे माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला तालुक्यात मंडप घातला तर मागच्या पडद्यावर खाली लिहिलेलं: सौजन्य, आणि तेच नवीन नाव. शाल माझ्या खांद्यावर पडली तेव्हा मी ती काढून खुर्चीवर ठेवली आणि घरी आले. लोक म्हणाले, ताईचं डोकं पहिल्यापासूनच गरम. असू द्या.

निवृत्तीनंतरच्या श्रावणात सोनल मला तिजेचं आमंत्रण द्यायला आली. मी म्हटलं, "अगं, पुन्हा बसवली?"

"का नाही बसवू?" ती म्हणाली. "मुंग्याईचा काय गुन्हा होता? अन् तिजीचा तरी काय?"

शेवटच्या दिवशी गेले. माचीवर टोपल्यांतले गहू डुलत होते. माचीच्या चारही खांबांपासून जरा दूर गूळ-पिठाचे छोटे ढीग होते आणि मुंग्यांची रांग टोपल्यांकडे न जाता तिकडे चालली होती. कमलाबाई म्हणाली, हे रोज लखूभाऊच करतो. सकाळी उठला की आधी मुंग्यांना वाढतो, मग स्वतः चहा घेतो. माचीजवळ बाज टाकून दिवसभर राखण बसतो. कोणी टोपलीजवळ हात नेला की आधी तळवे दाखवायला लावतो. पोरी त्याला हसतात, पण दाखवतात.

गहू उपटायची वेळ आली. रीत अशी की देवाचं झालं की पहिला मान नाईकाच्या पागोट्याचा. सोनलनं थरथरत्या बोटांनी आपल्या टोपलीतले कोंब उपटले आणि ती नाईकाकडे निघाली. लखूभाऊ मधे आला. त्यानं तिच्या हातातून चार कोंब घेतले, मुळांना लागलेल्या मातीसकट तोंडात घातले आणि चावले. गाणं थांबलं. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. त्यानं ते सगळं गिळलं आणि तसाच उभा राहिला, डोळे मिटून.

नाईक म्हातारा माणूस. तो हळूच म्हणाला, "लखू, झालं नं आता? लावू दे पोरीले."

"थोडं थांबा, नाईक," लखूभाऊ म्हणाला. "त्या वक्ती बी लगेच काही झालं नवतं."

मग सगळा तांडा थांबला. नाईक पागोटं सावरून थांबला, सोनल हातात गहू धरून थांबली, मीसुद्धा थांबले. आपल्याला काही होतं का याची वाट बघत तो बाप अंगणात मधोमध उभा होता. विष कोणाच्या हाती पडतंय ते बघायचा पगार सरकार माझ्या खात्याला देतं, त्या चौकशीच्या साहेबाला देतं. लखूभाऊला कोणी काही देत नाही.